गोविंदराव टेंबे : रंगभूमीकडून रुपेरी पडद्याकडे

बुऱ्हाणपुरात आमची चौघांची एक बैठक आहे. तिला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. शिकवणीची मुले घरी गेली आणि तंबोऱ्यावर गवसणी चढली, की शनवाऱ्याकडून एक वकीलसाहेब, लालबागेकडून रेल्वेतून निवृत्त झालेले अण्णा आणि जुन्या तारकस घराण्यातले आप्पा अशी मंडळी येऊन टेकतात. विषय बहुधा नाटकाचा किंवा सिनेमाचा. आणि सिनेमाही असा, की जो पाहिल्यावर दोनचार दिवस मनातून हलत नाही. बुऱ्हाणपूर हे मराठी मुलखाच्या वेशीवरचे गाव. येथे चांगले मराठी नाटक क्वचित येते. म्हणून नाटकाची तहान आम्हांला त्याच्या चित्रपटरूपावर भागवावी लागते. ‘नटसम्राट’ आम्ही तसाच पाहिला, ‘कट्यार काळजात घुसली’ तसाच पाहिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये पडद्यावर आलेला सुबोध भावे यांचा ‘संगीत मानापमान’ही तसाच.

ह्या शेवटच्या चित्रपटावरून आमच्यात बरीच खडाजंगी झाली. खाडिलकरांच्या नाटकाला शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीताचा नवा साज चढविलेला पाहून वकीलसाहेबांचे पित्त खवळले. नाटक हे नाटकगृहातच पाहावे, त्याचा सिनेमा करणे म्हणजे देवघरातली समई दिवाणखान्यात शोभेला ठेवणे, असे त्यांचे म्हणणे. अण्णांचे म्हणणे उलट. त्यांच्या नातवंडांनी ‘मानापमान’ हे नाव प्रथम ऐकले ते ह्या सिनेमामुळे. मग सिनेमाला शिव्या कशासाठी, असा त्यांचा सवाल. आप्पा बराच वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी मला एवढेच विचारले, की ज्याने ह्या नाटकाच्या मूळ चाली बांधल्या, त्या माणसाला सिनेमाविषयी काय वाटत असावे?

प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तरही त्या माणसाच्या चरित्रातच होते. कारण ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे हेच पुढे प्रभातच्या पहिल्या मराठी बोलपटाचे नायक आणि संगीतकार झाले. नाटकाकडून सिनेमाकडे जाणारी वाट आज मळलेली आहे. गोविंदरावांनी ती धरली तेव्हा तिच्यावर पाऊलही उमटलेले नव्हते. त्या संध्याकाळी मित्रांना जे सांगितले, तेच थोडे नीट जुळवून येथे मांडतो.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे ह्या गावी झाला. वाढले ते कोल्हापुरात. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचे कोल्हापूर. तालमीत मल्ल घुमत होते, दरबारात अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई होता आणि देवल क्लबात गाणेबजावणे चाले. संस्थानी शहरांत ज्यांचे बालपण गेले, त्या वाचकांना हे वातावरण निराळे सांगावयास नको. तेथे गाणे शिकण्याआधी माणूस ते ऐकावयास शिकतो. गोविंदरावांचे तसेच झाले. गंडा बांधून, वर्षानुवर्षे गुरुगृही राहून त्यांनी विद्या घेतली नाही. त्यांनी ती कानाने वेचली. अल्लादियाखाँसाहेबांना ते मनोमन गुरू मानीत. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसता बसता त्यांनी ख्यालाची मांडणी आत्मसात केली. पोटासाठी म्हणून वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी काही काळ वकिलीही केली. पण कोर्टाच्या पायऱ्यांपेक्षा बैठकीची सतरंजी त्यांना अधिक जवळची होती, आणि वकिली लौकरच मागे पडली.

त्यांचे वाद्य पेटी. ह्या वाद्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण गोविंदरावांच्या साऱ्या कर्तृत्वाची किल्ली मला त्यात दिसते. आमच्या घरी दरबारी गाण्याची परंपरा. त्या परंपरेत पेटीला मान होता, पण तो मागे बसण्याचा. ती परदेशातून आलेली. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, तिचे स्वर आधीच कापून ठेवलेले. गळ्यातली मींड तिच्यात नाही, सारंगीचा ओलावा नाही. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर ती घसरत जाऊ शकत नाही. तिला उडी मारूनच जावे लागते. असे हे उणीव घेऊन जन्मलेले वाद्य गोविंदरावांनी हाती घेतले आणि त्यावर गायकी उमटविली. ते कसे साधले? जे पेटीवर येणारच नाही त्याच्यामागे ते धावले नाहीत. ख्यालाच्या आलापातून नेमके कोणते स्वर धरले, कोठे क्षणभर थांबले, भात्याचा दाब कोठे कमी केला, म्हणजे ऐकणाराच्या कानाला न वाजलेली मींडही ऐकू येईल, ह्याचा त्यांनी शोध घेतला. गळ्यातले गाणे लाकडी पट्ट्यांवर आणावयाचे तर काय सोडावे आणि काय कदापि सोडू नये, हे त्यांना विशीतच उमगले होते. एका माध्यमातील ऐवज दुसऱ्यात नेण्याचा त्यांचा पहिला धडा हाच.

दुसरा धडा मिळाला तो किर्लोस्कर नाटक मंडळीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी संगीत नाटकाची गाडी साक्या, दिंड्या, कीर्तनी चाली आणि कानडी वळणाची पदे यांच्या रुळांवरून चालली होती. पदे पुष्कळ, पण त्यांतले नवेपण तीस वर्षांत ओसरले होते. अशा वेळी ‘केसरी’च्या वर्तुळातले, तोवर गद्य नाटकांनीच गाजलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आपले पहिले संगीत नाटक लिहावयास बसले. ते ‘मानापमान’. धनाच्या तोऱ्यात वाढलेली भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि मग वनमालेच्या वेषात त्याचे शौर्य पाहून त्याच्यावरच भाळते, ही त्याची कथा. चाली देण्याचे काम आले गोविंदरावांकडे. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते.

त्यांनी जे केले ते आज आपल्याला इतके सवयीचे झाले आहे, की त्यातले धाडस चटकन ध्यानात येत नाही. उत्तरेकडच्या पूरब अंगाच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या आणि मैफलीतल्या चिजा त्यांच्या कानांत साठलेल्या होत्या. त्यांतल्या निवडक चाली घेऊन त्यांनी खाडिलकरांच्या हाती दिल्या, आणि खाडिलकरांनी त्या चालींच्या मापात शब्द बसविले. ठुमरी ही मैफलीची, एका ओळीवर अर्धा तास रेंगाळणारी, बोल बनवीत बनवीत जाणारी चीज. तिला नाटकात आणावयाचे म्हणजे तिच्या अंगावरचे निम्मे दागिने उतरवावे लागतात. नाटकातले पात्र रागावलेले असते, लाजलेले असते, कोणाची तरी वाट पाहत असते; पुढचा प्रवेश विंगेत उभा असतो. गोविंदरावांनी ठुमरीचा डौल ठेवला, मुखड्याची लचक ठेवली आणि तिचा पसारा सोडला. खरे म्हणजे हेही माध्यमांतरच. कोठीवरच्या आणि बैठकीतल्या गाण्याचे त्यांनी घरंदाज मराठी प्रेक्षकांसाठी रूपांतर केले, आणि बायकामुलांसह नाटकाला येणाऱ्या कुटुंबांनी ते डोक्यावर घेतले.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. भामिनी होते बालगंधर्व. लक्ष्मीधर गणपतराव बोडस. धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. त्याच दिवशी बालगंधर्वांचे तान्हे मूल दगावले आणि तरीही त्यांनी तोंडाला रंग लावला, ही हकीकत जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. प्रयोग गाजला. संगीत नाटकाला त्या रात्री नवा गळा फुटला असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

लौकरच नानासाहेब जोगळेकरांचे निधन झाले आणि मंडळीपुढे धैर्यधराचा प्रश्न उभा राहिला. चाली बांधणाऱ्यानेच त्या गाव्यात, असे ठरले. पेटीमागे बसणारे गोविंदराव पेटीपुढे येऊन उभे राहिले. दिसावयास देखणे, बोलणे सुसंस्कृत, गाण्यात बुद्धी. आवाज मात्र फार मोठा नव्हे. बालगंधर्वांसारख्या स्वरसम्राटासमोर उभे राहून गाणे ही सोपी गोष्ट नव्हती. आपल्या गळ्याची मर्यादा ओळखून, मांडणीच्या जोरावर त्यांनी ती निभावली. पेटीने शिकविलेला हिशेब येथेही कामास आला.

१९१३ साल त्यांच्या आयुष्यात धामधुमीचे गेले. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ला त्यांनी चाली दिल्या आणि त्याच वर्षी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पण भागीदारी फार काळ टिकली नाही. दोन वर्षांतच गोविंदराव तेथून निघाले आणि त्यांनी आपली स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी केली. तिच्यासाठी नाटके लिहिली, चाली दिल्या, भूमिका केल्या, बिऱ्हाड सांभाळले.

नाटक मंडळीचा मालक होणे म्हणजे काय, हे अण्णांनी आमच्या बैठकीत फार चांगले सांगितले. त्यांची सारी नोकरी भुसावळ-खंडवा मार्गावर गेली. कोकणातून, देशावरून निघालेली कंपनी खानदेश ओलांडून इंदूरकडे निघाली, की हाच लोहमार्ग. पडदे, पेटारे, तबले, भटारखान्याची भांडी, शंभर माणसांचे कुटुंब, सारे डब्यांत भरावयाचे; खंडव्याला उतरून लहान गाडीत पुन्हा चढवावयाचे; आणि पोचल्यावर पावसाने किंवा प्लेगाने खेळ बुडाला तर तेवढ्या तोंडांना घालावयाचे काय, ही चिंता. गोविंदरावांचा पिंड व्यवहाराचा नव्हता. शिवराज मंडळी काही वर्षे चालली आणि बंद पडली. गाजलेला धैर्यधर, गाजलेला पेटीवाला, गाजलेला संगीतकार असा हा माणूस पन्नाशीकडे झुकताना हाताशी स्वतःची रंगभूमी नसलेला असा राहिला. त्यांच्या चरित्रातला हा भाग वाचताना माझ्यासारख्या शिक्षकाला कसेसेच होते. ज्याला पुष्कळ येते त्याला पुष्कळ मिळतेच असे नाही.

इकडे जग बदलत होते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला आणि चित्रे बोलू लागली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णींच्या भागीदारीत १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी काढली होती. मूकपटांत त्यांचे नाव झाले होते. आता बोलपटावाचून गत्यंतर नव्हते. विषय त्यांनी निवडला तो हरिश्चंद्राचा. ह्याच कथेवर १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी आपला मूकपट केला होता आणि त्यात तारामतीचे काम अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केले होते. प्रभातने ‘अयोध्येचा राजा’साठी तारामती म्हणून दुर्गाबाई खोटे यांना घेतले आणि राजा हरिश्चंद्र म्हणून, तसेच संगीतकार म्हणून, गोविंदराव टेंब्यांना. दिग्दर्शन शांतारामबापूंचे. विनायक नारदाच्या आणि बाबूराव पेंढारकर गंगानाथाच्या भूमिकेत.

येथे क्षणभर थांबून गोविंदरावांच्या जागी उभे राहून पाहावे. वय पन्नास. वीस वर्षांपूर्वी ते ज्या नायिकेसमोर उभे राहून गायले, ती स्त्रीवेषातली पुरुष होती आणि तिच्या सुराला सारे नाट्यगृह वेडे झाले होते. आता समोर खरोखरीची स्त्री, शिकलेली, घरंदाज, रंगभूमीच्या लकबी न शिकलेली. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोचवावा लागे. येथे यंत्राचा कान हातभर अंतरावर. तेथे प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या की पद पुन्हा गावयाचे, पुन्हा मागितले की पुन्हा, आणि प्रत्येक वेळी नवी जागा घ्यावयाची. येथे समोर प्रेक्षकच नाहीत. दिव्यांचा प्रखर झोत, कॅमेऱ्याचा डोळा आणि सर्वत्र सक्त शांतता.

आजच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. ती १९३५ च्या सुमारास आली. नटाने तोंडाने गावयाचे आणि त्याच वेळी अभिनय करावयाचा. वाजविणारी मंडळी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर कोठेतरी आडोशाला बसवावयाची. गाताना नट चालला तर आवाज दूर जाणार, पेटी जवळ बसविली तर ती आवाजावर चढणार, तबल्याचा ठोका चुकला तर सारे दृश्य पुन्हा घ्यावे लागणार. शिवाय चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत घ्यावयाचा, म्हणजे हा सगळा खटाटोप दोनदा.

ह्या अडचणीतून गोविंदरावांनी जी वाट काढली ती त्यांच्या आधीच्या दोन धड्यांची होती. त्यांनी पदे आटोपशीर केली. ताना आवरल्या. स्मशानात उभ्या असलेल्या राजाला अर्धा तास गाता येत नाही, हे नाटकात प्रेक्षक चालवून घेत. पडद्यावर त्याचा चेहरा हाताएवढा जवळ दिसू लागला, की ते चालत नाही. ज्या माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसते आहे त्याने सम दाखविण्यासाठी मान डोलावली तर पाणी खोटे ठरते. म्हणून त्यांनी गाणे थोडे मागे सारले आणि प्रसंगाला पुढे येऊ दिले. त्यांचा अभिनय मात्र रंगभूमीचा राहिला. उभे राहण्यात, हात उचलण्यात, शब्द फेकण्यात जुना नट लपत नाही. आजच्या डोळ्यांना दुर्गाबाई त्यांच्यापेक्षा नैसर्गिक वाटतात. हे कबूल केल्याने गोविंदरावांचा अपमान होतो असे मला वाटत नाही. पहिला पूल बांधणाऱ्याचे पाय नदीतच भिजावयाचे.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. पहिला मराठी बोलपट म्हणून तो ओळखला जातो. मागाहून काळाने त्याला आणखी एक मान दिला. ‘आलम आरा’ची प्रत आज कोठेही नाही, आज पाहावयास मिळणाऱ्या भारतीय बोलपटांत ‘अयोध्येचा राजा’ हा सर्वांत जुना मानतात. म्हणजे आपल्या देशाच्या बोलक्या पडद्यावरचा सर्वांत जुना गाता चेहरा पाहावयाचा असेल, तर त्या चेहऱ्यांत कोल्हापूरच्या ह्या पेटीवाल्याचा चेहरा आहे.

प्रभातमध्ये त्यांनी त्यानंतर भराभर कामे केली. त्याच १९३२ साली ‘अग्निकंकण’ आणि ‘मायामच्छिंद्र’ आले. मणिशंकर त्रिवेदी यांच्या नाटकावरून घेतलेल्या ‘मायामच्छिंद्र’त ते स्वतः मच्छिंद्रनाथ, विनायक गोरखनाथ आणि दुर्गाबाई राणी. १९३३ मध्ये ‘सिंहगड’ आणि ‘सैरंध्री’ यांना त्यांनी संगीत दिले. ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा धाडसी घाट प्रभातने घातला होता, फिल्म जर्मनीला नेऊन छापून आणली होती. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्याच वर्षी प्रभात कोल्हापूर सोडून पुण्यास गेली. तेथे पुढच्या चित्रांचे संगीत केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्याकडे आले, आणि बोलपटाचे गाणे आपले स्वतःचे वळण घेऊ लागले. मास्टर कृष्णराव हे भास्करबुवांचे शिष्य. म्हणजे ज्या बुवांच्या साथीला बसून गोविंदराव घडले, त्यांच्याच शिष्याच्या हाती ती दिवटी गेली.

गोविंदरावांनी काय साधले हे कळावयाचे तर बालगंधर्वांकडे पाहावे. बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला. गावोगावच्या नाट्यगृहांत पडदा लागला आणि गंधर्व नाटक मंडळी १९३४ च्या अखेरीस थांबली. मग बालगंधर्वही प्रभातमध्ये आले आणि १९३५ च्या ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. त्यांच्याहून गोड गळा त्या काळी कोणाचा होता? पण त्या गळ्याला समोर माणसे लागत. प्रेक्षकांच्या श्वासावर फुलणारे ते गाणे दिव्यांच्या झोतात एकटे पडले. एका चित्रानंतर ते बाहेर पडले. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांनी त्यांना घेऊन ‘साध्वी मीराबाई’ केला. त्यात बालगंधर्व पुन्हा स्त्रीभूमिकेत आले आणि नाटक जवळपास जसेच्या तसे कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. ते चालले नाही. नाटकातली प्रत्येक गोष्ट तेथे जपलेली होती; पण समोरचा प्रेक्षक, त्याची दाद आणि त्यातून चढत जाणारी रात्र एवढे तेवढे डब्यात भरून नेता आले नाही.

ह्यावरून बालगंधर्व लहान आणि गोविंदराव मोठे असा निष्कर्ष कोणी काढू नये. बालगंधर्वांचे गाणे एखाद्या वृक्षासारखे होते. ते एकाच मातीत मूळ धरून आकाशाला भिडले. गोविंदरावांजवळ ते आकाश नव्हते. त्यांच्याजवळ बी एका जमिनीतून दुसऱ्या जमिनीत नेऊन रुजविण्याची विद्या होती. पहिल्या प्रकारच्या माणसाला लोक जन्मभर आठवतात. दुसऱ्याचे पीक सर्वांच्या घरी येते आणि पेरणाऱ्याचे नाव मागे पडते.

उत्तर आयुष्यात ते लेखणीकडे वळले, आणि तेथेही त्यांनी जुने गाणे नव्या माध्यमात नेण्याचाच उद्योग चालविला. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही त्यांची पुस्तके मराठीतल्या उत्तम आत्मपर लेखनात मोडतात. ऐकलेले गाणे शब्दांत उतरविणे किती अवघड, हे गाण्यावर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गोविंदरावांनी ते रसाळपणे केले. अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. रेडिओ घरोघर आला तेव्हा त्यांनी ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ यांसारख्या संगीतिका रचल्या. तेथे तर चेहराही नाही, रंगमंचही नाही. केवळ कानांपुढे नाटक उभे करावयाचे. ज्याने पेटीवर न वाजलेली मींड ऐकविली, त्याला हे परके कसे वाटावे? ९ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या वाट्याला एक बोल नेहमी आला. अनेक वाटा चालल्या, एकही शेवटपर्यंत चालले नाहीत, असा तो बोल. वकिली सोडली, किर्लोस्कर सोडली, गंधर्व सोडली, शिवराज बुडाली, प्रभात सुटली. तो बोल सर्वस्वी खोटा नाही. गाण्यात एका जागी खिळून बसलेल्यांची तपश्चर्या आपण पूजतो आणि ती पूजावीच. पण घराण्यातला ऐवज घराण्याबाहेर नेणारा माणूस नसता, तर खाँसाहेबांच्या आणि बुवांच्या गाण्याचा सुगंध आमच्यासारख्यांच्या आजीपणजीपर्यंत, स्वयंपाकघरात गुणगुणण्यापर्यंत, कसा पोचला असता?

आणि एक विलक्षण गोष्ट मनात राहते. ज्या धैर्यधरासाठी लोक रात्र रात्र जागले, त्या त्यांच्या धैर्यधराचे आज काही उरले नाही. ते पाहणारे डोळेही उरले नाहीत. उरला तो हरिश्चंद्र, जो त्यांनी आयुष्याच्या उतारावर, नव्या यंत्रापुढे, काहीशा बिचकत केला. नाटकाने त्यांना कीर्ती दिली आणि ती स्वतःबरोबर नेली. सिनेमाने त्यांना थोडेच दिले, पण ते ठेवले.

एवढे सांगून झाल्यावर आमच्या बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग वकीलसाहेबांनी मुद्दा सोडला नाही, पण बदलला. नाटकाचा सिनेमा करूच नये असे आता त्यांना म्हणावयाचे नव्हते. करणाऱ्याने आपण काय गमावतो आहोत हे जाणून करावे, एवढाच त्यांचा आग्रह उरला. अण्णांनीही एक पाऊल मागे घेतले. नातवंडांना सिनेमा दाखवून थांबणे बरे नव्हे, मूळ चाली ऐकविण्याची जबाबदारी घरच्यांची आहे, हे त्यांनी मान्य केले.

आप्पांनी मात्र आपल्या घरच्या धंद्यातली गोष्ट काढली. एके काळी बुऱ्हाणपूरची कलाबतू दूरदूर जात असे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवावयाचा आणि ती कांब एकाहून एक बारीक भोकांतून ओढीत न्यावयाची. बोटाएवढ्या जाडीची कांब शेवटी केसासारखी तार होते. हात कसबी असेल तर सोने शेवटच्या भोकापर्यंत चांदीला सोडीत नाही. हात कच्चा असेल तर मध्येच पांढरे दिसू लागते. भोकाला दोष देऊन उपयोग नसतो, असे म्हणून आप्पा उठले.

दुसऱ्या दिवशी शिकवणीला आलेल्या मुलांना मी त्या नव्या सिनेमातले गाणे गाऊ दिले. ते संपल्यावर पेटी पुढे ओढली आणि ‘मानापमान’ची एक मूळ चाल शिकवावयास घेतली. मुखडा तिसऱ्यांदा घेताना वर्गातल्या सर्वांत लहान मुलीची मान आपोआप लवली. ती लवक कोणीही तिला शिकविलेली नव्हती.